कोंबड्यांचा कंडक्टर

१७ जानेवारी, शुक्रवार

फळी वर सरकवली की आधी कोंबडा बाहेर यायचा, मान ताठ करून, तिकिटं तपासायला चढल्यासारखा. म्हणून प्रेमदासांनी त्याचं नाव चेकर ठेवलं होतं. त्याच्या मागून एकेक कोंबडी. प्रेमदास उकिडवे बसून मोजायचे, मग पाण्याचं गाडगं विसळायचे, शिळं पाणी लिंबाच्या आळ्यात टाकायचे. एक मूठ ज्वारी, एक मूठ तांदळाची कनकी. मग हात पँटीला पुसून मला म्हणायचे, "सगळे चढले. चहा ठेव." अशी एक सकाळ मला लख्ख आठवते. त्या दिवशी विशेष काही झालं नव्हतं. चहात आलं जास्त पडलं होतं, इतकंच. ते गेले त्या दिवसाची सकाळ मात्र कितीही आठवली तरी आठवत नाही.

त्यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही. लिहिताना घेते. लिहायला त्यांनीच शिकवलं, तेवढा हक्क आहे.

काल नागपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. पौर्णिमानं नंबर लावून ठेवला होता. डॉक्टरीणबाई चांगली, घाई करत नाही. म्हणाली, डाव्या डोळ्याचं काचबिंदूनं जे नेलं ते परत येणार नाही. उजव्यातही काचबिंदू आहे आणि वर मोतीबिंदू. दोन्हींचं ऑपरेशन एकदम करायचं. बारा फेब्रुवारी तारीख दिली. "पुढं ढकलू नका, मावशी. उजवा गेला तर मग वाचणं नाही, रस्ता ओलांडणं नाही." आणि त्यानंतर महिनाभर वाकायचं नाही, धूळ नको, धूर नको, लेकीकडंच राहायचं.

मी विचारलं, माझ्या कोंबड्यांचं काय? डॉक्टरीणबाई हसली. पौर्णिमा म्हणाली, "आई, विकून टाक ना त्या."

गाडीत बसेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज लक्ष्मणराव आले. चौथं घर त्यांचं. प्रेमदास एसटीत ड्रायव्हर होते आणि हे त्यांचे कंडक्टर, बावीस वर्षं एकाच गाडीवर. गळ्यात माळ. डब्यात अंडं असलं की प्रेमदास आधीच सांगायचे, "लक्ष्मण, आज तुझी एकादशी." रिटायर होऊन यांना दोन वर्षं झाली. दिवसातून तीनदा स्टँडवर जातात, नुसतेच.

दारातूनच म्हणाले, "वहिनी, पौर्णिमाचा फोन आलता. कोंबड्याइले पाहणारं कोनी पाह्यजे म्हणे."

"भाऊजी, तुम्हाले कोंबडी धरता येते का?"

"धरता नाई येत. तिकीट देता येते."

मला हसू आलं. खरीच गोष्ट आहे. तळेगावच्या बाजारातून प्रेमदासांनी पहिल्या दोन तलंगा आणल्या तेव्हा टोपली ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवली होती. लक्ष्मणरावांनी गाडी हलायच्या आधी दोन्ही कोंबड्यांचं सामानाचं तिकीट फाडून त्यांच्या हातात ठेवलं. प्रेमदास आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. ते तिकीट अजून माझ्या ट्रंकेत आहे.

मागून मनकर्णाबाई आल्या, त्यांच्या घरच्या. म्हणाल्या, "घरी सोताचं ताट उचलत नाई हा मानूस. तुमच्या कोंबड्याच याले सांभाळतीन, पाहजा."

लक्ष्मणराव म्हणाले, "तू चूप वो. हे सरकारी काम हाय."

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. दोन-चार दिवस शिकवून पाहू. ज्याला जमत नाही त्याला ते आपोआप कळतं.

२१ जानेवारी, मंगळवार

पहिला दिवस. सकाळी सहाला लक्ष्मणराव हजर. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, खांद्याला ती जुनी चामडी बॅग. मी विचारलं, बॅग कशाला? म्हणाले, "अंडे हातानं धरणार नाई, वहिनी. बॅगीत टाकीन." रुमाल हाताला गुंडाळून दोन अंडी उचलली आणि बॅगेच्या सुट्या पैशांच्या कप्प्यात ठेवली.

त्यांना एकेकीची ओळख करून दिली. तांबडी, काळी, लंगडी, तुरेवाली, मोठी पांढरी, लहान पांढरी, चितळी आणि चोरटी, जी अंडं कधीच जागेवर घालत नाही. आठ आणि चेकर. नऊ. त्यांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. मग कोंबडी धरायला सांगितलं तर शेपटी धरली. तीन पिसं हातात आली आणि लंगडी पळाली.

"पंख दाबा, भाऊजी, दोन्ही पंख. पोटाखाली हात."

"हे तं शिव्या देऊन राह्यली, वहिनी."

"तुम्ही शेपटी ओढाल तर देणारच."

"बावीस वर्सांत एका पॅशिंजरनं इतक्या शिव्या नाई दिल्या." मग पिसं झटकत म्हणाले, "एक होती, पुलगावची म्हातारी."

शेवटी तुरेवाली धरता आली. धरून उभे राहिले, हात लांब करून, जणू कढई उतरवली आहे. मला वाटलं, यांना नाही जमायचं. आणि वाटलं म्हणून बरंही वाटलं. असं का बरं वाटावं ते कळलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

आज संध्याकाळी बाजारातून आले तर अंगणात शिट्टी चालली होती. साडेपाच वाजले होते. लक्ष्मणराव हातात काठी घेऊन कोंबड्यांना खुराड्याकडं हाकलत होते आणि कोंबड्या लिंबाभोवती गोल फिरत होत्या.

"भाऊजी, काऊन?"

"शेवटची गाडी साडेपाचची. मी कागदावर लिवलं हाय."

त्यांना सांगितलं, कोंबडीला वेळ नसते, उजेड असतो. सूर्य गेला की स्वतःच येतात, एकेक करून. आपण फक्त मोजायचं आणि फळी टाकायची. फळीला खालून वीट लावायची, कारण मुंगूस येतं. ते खुराड्याशेजारी उकिडवे बसले. कोंबड्या आल्या. सगळ्या आत गेल्यावर हळूच म्हणाले, "प्रेमदास इथंच बसत होता ना?"

मी म्हणाले, हो, तिथंच.

२५ जानेवारी, शनिवार

तांबडी खुडूक झाली. दोन दिवसांपासून जागेवरून उठत नाही, पिसं फुगवून बसते, हात नेला तर टोचते. मी अकरा अंडी बसवली. अंडी नेहमी विषम बसवायची असं आई सांगायची. का ते तिलाही माहीत नव्हतं. प्रत्येक अंड्यावर कोळशानं रेघ ओढली, म्हणजे दुसरीनं तिथं येऊन अंडं घातलं तर वेगळं ओळखता येतं.

लक्ष्मणराव बोटांवर मोजत होते. "एकवीस दिवस म्हणता, वहिनी. म्हणजे पंधरा तारीख येते. तुमी तं बारालेच जाऊन राह्यल्या."

"कोंबडी खुडूक झाली तर मी काय करू? तिला कोण सांगणार?"

"कोंबडीले नाई सांगता येत. पन अंडे तं तुमीच ठेवले ना."

मला राग आला. बसलेली कोंबडी रिकामी ठेवली तर तिचाच जीव जातो, हे यांना काय माहीत. खरं तर खुडूक उतरवायला पाण्यात बुडवून काढतात, आणि ती उतरते. पण मला ते कधीच आवडलं नाही. आज तरी नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

विहाराच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक परत केलं, अर्धं. छपाई फार फिकी आहे आजकाल. पेपरही तसाच. शाई वाचवतात.

३० जानेवारी, गुरुवार

आज मी लक्ष्मणरावांना खूप बोलले. लिहून ठेवते, कारण नंतर आपणच आपल्याला माफ करून टाकतो.

संध्याकाळी मी मोजलं, आठ. चेकर धरून आठ. पुन्हा मोजलं, आठ. काळी नव्हती. दुपारी मी झोपले होते आणि राखण त्यांच्यावर होती. मी म्हणाले, "एवढ्या नऊ जिवांची राखण होत नाही तुमच्यानं. कोणाच्या भरवशावर मी महिनाभर घर सोडू?" आणखीही काही बोलले. प्रेमदासांनी एक पीस कधी हरवू दिलं नाही, असंही म्हणाले. ते बोलायला नको होतं.

लक्ष्मणराव ऐकत उभे राहिले. मग म्हणाले, "थांबा, पाहतो." माझ्या डाव्या बाजूनं वाकले आणि म्हणाले, "हे पाहा, आली. दाराशीच होती." काळी त्यांच्या हातात होती. दोन्ही पंख दाबून, पोटाखाली हात घालून बरोबर धरली होती.

मी म्हणाले, आता आली म्हणून काय झालं, आधी गेली होती ना? ते म्हणाले, "होय वहिनी, चुकलं." आणि गेले.

धरायला मात्र शिकले. हे मान्य करायला हवं.

२ फेब्रुवारी, रविवार

पौर्णिमाचा फोन. मी म्हणाले, डॉक्टरीणबाईला मार्चची तारीख विचार. पिल्लं निघणार आहेत पंधराला, पहिले आठ दिवस घार, मांजर, गारठा, सगळं सांभाळावं लागतं. लक्ष्मणरावांच्यानं ते होणार नाही.

ती म्हणाली, "आई, तू मले विचारून राह्यली का सांगून राह्यली?"

सांगूनच राहिले होते.

आज मनकर्णाबाईंनी वांग्याची भाजी आणून दिली. म्हणाल्या, "आमच्या घरी आता रोज कोंबड्याइच्याच गोष्टी. रात्री झोपीत 'चला, पुढं सरका' म्हनते हा मानूस. लय दिसानं हासला तो, वहिनी." मग डबा काढून घेताना म्हणाल्या, "तुमी जानं रद्द नका करू बरं."

कोणी सांगितलं यांना?

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते सगळं लिहिते. अक्षर वरखाली जाईल. जाऊ दे.

सकाळी लक्ष्मणराव फार खुशीत होते. म्हणाले, "वहिनी, एक काम तुमाले न सांगता करून टाकलं. तांबडीच्या अंड्याइवर कोन्या तरी पोरानं कोळशानं रेघोट्या मारल्या होत्या. गाडीत शिटावर लिवतेत ना, तशा. सगळ्या पुसून काढल्या, ओल्या फडक्यानं. रुमाल नाई लावला, हातानं धरले."

मी तोंडावर हात ठेवला. रेघा ओढताना ते समोर बसले होते, पण बोटांवर दिवस मोजत होते. त्या कशासाठी ते मी सांगितलंच नव्हतं. खुराड्यात जाऊन अंडी मोजली. तेरा. म्हणजे चोरटीनं किंवा आणखी कोणी दोन घातली होती आणि आता अकरा कोणती, दोन कोणती, कळायला मार्ग नाही. नवी अंडी तशीच राहिली तर मागं पडतात, कुजतात, फुटली तर सगळ्यांचा नास.

त्यांचा चेहरा पडला. मी म्हणाले, चूक माझी आहे, भाऊजी. आणि एक उपाय आहे. अंडं उजेडावर धरायचं.

कोठीच्या खोलीत दार लावून अंधार केला. मुठीची नळी करून टॉर्च धरला आणि त्यावर एकेक अंडं ठेवून पाहिलं. आई कंदिलावर पाहायची. मी पाहत गेले आणि सांगत गेले. हे जिवंत, हे रिकामं. हे रिकामं. हेही रिकामं. शेवटी एका टोपलीत चार आणि दुसरीत नऊ. माझं मन एवढंसं होऊन गेलं. म्हणाले, नऊ वाया गेली. नेऊन टाका लांब, खड्ड्यात.

लक्ष्मणराव टोपली उचलेनात. म्हणाले, "वहिनी, मी एकदा पाहू का? नुसतं पाहतो."

मी टॉर्च धरला. नऊपैकी पहिलं अंडं त्यांनी ठेवलं आणि बघत राहिले.

"याच्यात तं रस्त्याचा नकाशा हाय."

"कसला नकाशा?"

"लाल लाल बारीक रस्ते. डेपोत भिंतीवर होता ना, तसा. सगळे एका गावातून निघते. अन् ते गाव," ते थांबले, "वहिनी, ते गाव हालून राह्यलं."

मी घेऊन पाहिलं. मला पिवळसर उजेड दिसला. नुसता उजेड. टॉर्च जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढला, लावला. उजेडच.

आत काय दिसायला हवं ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं. लाल जाळं आणि मधे हलणारा ठिपका, हे माझ्या आईनं मला सांगितलं होतं. ज्या माणसानं आजच्या आधी जन्मात अंडं हातात धरलं नाही त्याला ते खोटं रचता येणार नाही.

नऊपैकी सहा जिवंत होती. एकेक त्यांनी परत तांबडीखाली ठेवली, हातानं. माळ अंड्याला लागू नये म्हणून दुसऱ्या हातानं छातीशी धरून.

मी सहा जीव खड्ड्यात टाकायला निघाले होते.

मग ओट्यावर बसून मी त्यांना विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी काळी कुठं होती?"

ते बॅग उचलून उठायला लागले. मी म्हणाले, तुम्हाला माळेची शपथ.

"तुमच्या पायापाशीच होती. डाव्या पायाच्या बाजूले. बसूनच होती."

"मग काऊन ऐकून घेतलं तुम्ही एवढं?"

त्यांनी चप्पल पायातून काढली, पुन्हा घातली. "वहिनी, गाडीत ड्रायव्हर उजवीकडं बसते. डाव्या बाजूचं त्याले नाई दिसत. ते बाजू कंडक्टरची राह्यते. बावीस वर्सं मी प्रेमदासले डावीकडचं सांगतलं. म्हैस आली, सायकल आली, खड्डा हाय. त्यानं एक डाव नाई म्हटलं का मले सोताले दिसते." मग म्हणाले, "तुमाले सांगाची हिंमत नाई झाली. तुमी रागात लय तेज हा."

६ फेब्रुवारी, गुरुवार

काल लिहिता लिहिता थांबले. आज पुढचं.

मला ऑपरेशनची भीती नाही असं मी स्वतःला सांगत होते. आहे. प्रेमदास मुतखड्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हा मीच म्हणाले होते, जा, कोंबड्यांचं मी पाहते. ते म्हणाले, "तीन दिवसांत येतो." दवाखान्यानं काही कमी केलं नाही. ऑपरेशन चांगलं झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं, झोपेत. त्याला आता तीन वर्षं होतील. मी तेव्हापासून रोज खुराड्याची फळी वर केली आणि खाली केली. घर सोडून एक रात्र कुठं राहिले नाही. पौर्णिमाच्या नव्या घरात शिरताना पूजा नाही, आपला बौद्धांचा परित्राण पाठ होता, तेव्हाही संध्याकाळच्या गाडीनं परतले. सगळ्यांना सांगितलं, कोंबड्या आहेत.

आज लक्ष्मणरावांचं बोलणं डोक्यातून जात नाही. अंडी तर तुम्हीच ठेवली ना.

ठेवली. मीच ठेवली.

वाचायला मी पाट्यांवरून शिकले. लग्न झालं तेव्हा मला दुसरीपर्यंतचं जेमतेम येत होतं. प्रेमदास डेपोतून गाडीच्या जुन्या पत्र्याच्या पाट्या आणायचे आणि अंगणात लावून विचारायचे, ही गाडी कुठं जाते? हिंगणघाट. वडनेर. पुलगाव. 'तळेगाव (श्यामजी पंत)' वाचायला मला चार दिवस लागले. त्या दोन वाकड्या काड्या कोणतं अक्षर आहे, असं मी विचारलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, ते अक्षर नाही, ते कुंपण आहे, आत ठेवलेल्याला सांभाळतं.

त्यानंतर मी काय काय वाचलं. ते या डोळ्यांनी. ज्यांनी ते वाचणं दिलं त्यांचं देणं मी असं घालवत होते, एका खुडूक कोंबडीच्या आडोशाला बसून.

पौर्णिमाला फोन केला. म्हणाले, बाराच. तिला रडू आलं, मग म्हणाली सर्दी आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

लक्ष्मणरावांसाठी कागद लिहायला बसले. रोज पाणी बदलणे. तांबडीला दिवसातून एकदा उठू देणे, ती परत येते, मागं लागू नये. पिल्लं निघाली की पहिला दिवस काही खायला देऊ नये, मग बारीक कनकी. रात्री डाल्याखाली झाकणे, डाल्यावर पोतं. घार वर फिरली तर चेकर ओरडतो, त्याचं ऐकणे. कोंबडी मान टाकून बसली, हिरवं हगली, तर लगेच वेगळी काढून गुरांच्या सरकारी दवाखान्यातल्या भैय्याजींना बोलावणे.

ओळी एकमेकींवर चढल्या. लक्ष्मणरावांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "सांगा, मी लिवतो." मी सांगत गेले. त्यांचं अक्षर मोठं आणि गोल. चालत्या गाडीत लिहून लिहून झालेलं.

सगळं सांगून झालं तरी मी सांगतच होते. लिंबाच्या मुळाशी चोरटी अंडं घालते. चितळीला ढगांची भीती वाटते. ते लिहीत राहिले. चितळीचं ढगांचंही लिहिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पिशवी भरली. दोन लुगडी, औषधं, विहारातलं पुस्तक. वाचता येणार नाही, तरी घेतलं. मनकर्णाबाईंनी तिळाच्या वड्या दिल्या. म्हणाल्या, उद्यापासून आमचा मानूस रात्रीही तुमच्या ओसरीवरच झोपनार, मले महिनाभर घोरणं नाई. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी एवढ्या जवळ राहून मी त्यांचा हात कधी धरला नव्हता.

उद्या सहाची गाडी.

११ मार्च, मंगळवार

महिन्यानं लिहिते आहे. डॉक्टरीणबाईनं दिवसाला अर्धा तास दिला आहे.

बारा तारखेची सकाळ आधी लिहून ठेवते, म्हणजे ही तरी विसरणार नाही. अंधार होता. लक्ष्मणराव खुराड्यासमोर उकिडवे बसले होते. मी फाटकाशी पिशवी घेऊन उभी होते आणि परत वळले. म्हणाले, भाऊजी, गाडग्याला खालून चीर आहे, अर्धंच भरा. पुन्हा वळले. म्हणाले, वीट. तिसऱ्यांदा वळले तेव्हा काय सांगायचं ते मलाच ठाऊक नव्हतं.

लक्ष्मणरावांनी मागं न पाहता खुराड्याच्या पत्र्यावर बोटांनी वाजवलं. ठण, ठण. दोनदा.

एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. बावीस वर्षं त्या दोन घंट्यांवर प्रेमदासांनी गाडी सोडली, मागं कोण चढलं, कोण राहिलं, कधी वळून पाहिलं नाही. मी गेले. स्टँडवर गाडी लागली तेव्हा पाटी वाचता आली नाही. शेजारच्या बाईला विचारून चढले.

उजवा डोळा वाचला. डावा आहे तसा आहे. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा पौर्णिमाचे पांढरे झालेले केस दिसले. मला कोणी सांगितलंच नव्हतं. ती म्हणाली, आई, दोन वर्षं झाली.

पंधराला संध्याकाळी फोन आला होता. लक्ष्मणराव ओरडून बोलतात, फोनवर तर जास्तच. "वहिनी! दहा उतरले! सगळे उतरले! एकाले हातावर घेतलं. कापसावानी हाय वो, वजनच नाई!" मागून मनकर्णाबाईंचा आवाज, "तिले धड विचार तरी डोया कसा हाय!"

परवा घरी आले. आमच्या वडनेरच्या स्टँडवर उतरले तर समोर दुसरी गाडी उभी होती. तिची पाटी रस्त्याच्या या बाजूनं वाचली. मग मुद्दाम आणखी चार पावलं मागं जाऊन वाचली.

लक्ष्मणरावांनी हिशेब दिल्याशिवाय मला अंगणात जाऊ दिलं नाही. कंडक्टर फेरीला वेबिल भरतो, किती चढले, किती उतरले, तसं त्यांनी रोजचं भरलं होतं. सव्वीस पानं. चितळी, ढग, घाबरली, जवळ बसलो. चोरटी, अंडं लिंबाखाली, सापडलं. बावीस फेब्रुवारीला एका ओळीत, एक पिल्लू, गारठा, सकाळी नव्हतं. माझी चूक, पोतं सरकलं होतं. पुढं काही खोडून पुन्हा लिहिलं होतं, लिंबाजवळ पुरलं.

ते म्हणाले, "दहा होते, वहिनी. नऊ राह्यले."

त्या माणसानं माझी नऊ जनावरं, माझं घर, माझा डोळा, सगळं सांभाळलं आणि एका पिल्लासाठी खाली मान घालून उभा होता. मी ट्रंक उघडली आणि ते कोंबड्यांचं जुनं तिकीट काढून त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं. नंबर वाचला. मग माळेजवळच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "याच्यावर तं प्रेमदास आठ दिवस नाई बोलला." आणि खिशाचं बटण लावलं.

जाताना विचारलं, "आता मंग माहं काम संपलं?"

मी म्हणाले, भाऊजी, डावी बाजू मला अजून दिसत नाही. आणि आता दिसणारही नाही.

"मंग सहाले येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी फळी वर केली, ते डावीकडं उभे राहिले, आणि आम्ही दोघांनी मोजलं. अठरा.